तबकड्यांमधलं पाणी

तुर्कस्तानातला एक शेतकरी आपल्या रानात उगवणाऱ्या झऱ्याला बांध घालतो आणि खालच्या सगळ्या गावाचं पाणी तोडतो. झरा माझ्या जमिनीत आहे तेव्हा पाणीही माझं, एवढंच त्याचं म्हणणं. खालच्या रानांत तंबाखू करपायला लागतो. माणसं आधी हातापाया पडतात, मग कोर्टात जातात, मग बंदूक बाहेर निघते. मेतिन एर्कसान या दिग्दर्शकानं १९६३ साली हा चित्रपट केला. नाव 'सुसुझ याझ', बिनपाण्याचा उन्हाळा. पुढच्याच वर्षी बर्लिनच्या महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल, तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळालं. तुर्कस्तानच्या वाट्याला आलेलं हे पहिलं सुवर्ण अस्वल. एवढा मान मिळूनही पुढची कित्येक वर्षं तो नजरेआडच राहिला. परदेशात फिरला तो त्याचा भलताच अवतार, नाव बदललेला आणि नको ती दृश्यं घुसडलेला.

२००८ साली अमेरिकी दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या वर्ल्ड सिनेमा फाउंडेशननं तो बोलोन्याच्या प्रयोगशाळेत नीट करून घेतला. २०१३च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या क्रायटेरियन कंपनीनं आणखी पाच चित्रपटांसोबत तबकड्यांच्या एका खोक्यात घालून तो विकायला काढला. त्यातला एक खोका पुढे यथावकाश सांगलीत, गावभागातल्या आमच्या घरी आला.

चित्रपट सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल, मला जत आठवलं. आमच्या जिल्ह्याची तऱ्हाच अशी आहे. पश्चिमेला शिराळ्यात पाऊस कोसळतो, वाळव्यात उसाच्या फडात पाणी उभं असतं आणि पूर्वेला जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडे माणसं टँकरची वाट बघत असतात. म्हैसाळजवळ कृष्णेचं पाणी पंपांनी उचलून टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं, तेव्हा कुठे ते पूर्वेला पोहोचतं. सीमेवरच्या काही गावांनी तर पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो म्हणून सांगितलं. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली, पहिल्या खेपेला दहा टाक्यांत पाच लाख लिटर. तिला नाव दिलं होतं जलदूत. आणि तीन वर्षांनी, २०१९च्या ऑगस्टात, तीच कृष्णा आमच्या गल्लीत शिरली. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी आहे ४५ फूट. पाणी ५७ फुटांवर गेलं.

अशा जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला पाण्याचा सिनेमा दुसऱ्या कुणी समजावून द्यावा लागत नाही. पण असा सिनेमा असतो, हेच मला फार उशिरा कळलं. आमचं गाव नाटकाचं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथं 'सीता स्वयंवर' केलं तेव्हापासून सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, आणि ते नुसतं मिरवण्यापुरतं नाही. इथं किराणा दुकानाच्या पायरीवरसुद्धा नाटकातल्या एखाद्या प्रवेशावरून दोन माणसं वाद घालताना मी ऐकली आहेत. सिनेमाबद्दल तसं कुणी बोलत नसे. सिनेमा म्हणजे करमणूक, विषय संपला. माझ्या लहानपणी दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषांतले पुरस्कार मिळालेले चित्रपट लागायचे. घरातली मोठी माणसं जेवून आडवी झालेली असायची आणि मी एकटी बंगाली, मल्याळी, कन्नड काहीबाही बघत बसायचे. सगळं कळायचं असं नाही, पण माणसं घाईत नाहीत आणि कॅमेराही घाईत नाही, हे आवडायचं.

पुढे व्हीसीडी आल्या. एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावायचा, म्हणून एका सिनेमाच्या दोन तबकड्या, आणि ऐन रंगात उठून दुसरी घालायची. मारुती रोडच्या एका दुकानात पौराणिक हिंदी सिनेमांच्या ढिगाऱ्यात मला इराणच्या माजिद माजिदी यांचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' सापडला. भाऊ-बहिणीत मिळून बुटांचा एकच जोड, एवढीशी गोष्ट. तो बघितल्यावर मी त्या ढिगाऱ्यांकडे वेगळ्या आशेनं बघायला लागले. २००७च्या सुमाराला मोझर बेअरनं व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा डीव्हीडी प्लेअर घराघरात गेला. मग पॅलाडोर आणि एनडीटीव्ही लुमिएर यांनी जगभरचे चित्रपट रीतसर हक्क घेऊन भारतात तबकड्यांवर आणले. कुरोसावा, बर्गमन या दिग्दर्शकांची नावं मी तोवर पुस्तकांत वाचली होती. आता ती पुण्याच्या दुकानात फळीवर उभी होती. पुण्याला काही कामानं गेले की परतीच्या एसटीत मांडीवर पिशवी असायचीच.

या मोठ्या नावांबद्दल मला आदर आहे, पण माझा जीव अडकला तो त्यांच्या मागच्या रांगेतल्या चित्रपटांत. ज्यांच्याबद्दल मराठीत कुणी चार ओळी लिहिलेल्या सापडत नाहीत, ज्यांचे देश बातम्यांत फक्त भूकंप नाहीतर युद्ध झालं की येतात, असे चित्रपट. त्या खोक्यातच बघा. सेनेगलचा जिब्रिल दिओप मांबेतीचा 'तूकी बूकी', मेक्सिकोच्या कोळ्यांवरचा १९३६चा 'रेदेस', कोरियाचा 'हाउसमेड', मोरोक्कोतल्या गाणाऱ्या मंडळीवरचा 'ट्रान्सेस' आणि आपल्या ऋत्विक घटकांचा 'तिताश एकटी नदीर नाम'. यातला एकही सांगलीच्या थिएटरात लागणं शक्य नव्हतं. यांच्यासाठी मी पैसे साठवले.

परदेशी तबकडी नुसती विकत घेऊन भागत नाही. डीव्हीडीसाठी जगाचे सहा विभाग पाडलेले आहेत. भारत पाचव्यात, अमेरिका पहिल्यात, ब्रिटन आणि जपान दुसऱ्यात. ब्लू-रेचे तीन विभाग, त्यात आपण सी आणि अमेरिका ए. एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. म्हणून मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून, सगळे विभाग वाचणारा प्लेअर आणवला. घरात असा अडाणी दिसणारा काळा डबा कशाला, असं आईनं विचारलं. त्याच डब्यावर तिनं पुढे 'तिताश' पाहिला.

तिताश ही आताच्या बांगलादेशातली नदी. तिच्या काठच्या मालो कोळ्यांची ही गोष्ट अद्वैत मल्लबर्मन यांनी कादंबरीत लिहिली. ते स्वतः त्याच समाजात जन्मले होते. घटकांनी १९७३ साली तिचा सिनेमा केला. नदी आटत जाते, तसं तिच्यावर जगणारं गाव मोडत जातं. उघड्या पडलेल्या जमिनीवर पैसेवाल्यांचा डोळा असतो. शेवटी बासंती वाळलेल्या पात्रात हातानं वाळू उकरून घोटभर पाणी काढते. आई २०१९च्या महापुरानंतर हा सिनेमा बघत होती. घरातला गाळ काढून झाला होता, भिंतींवर पाण्याची रेघ तशीच होती. नदी घरात येणं हा तिच्या आयुष्यभराचा अनुभव, २००५ सालचा पूरही तिनं याच घरात काढलेला. पण नदीच नाहीशी होऊ शकते, हे तिच्या मनात कधी आलं नव्हतं. ती म्हणाली, "पूर परवडला गं." आणि कितीतरी वेळ बासंतीबद्दल बोलत राहिली. तिचं नवऱ्याशिवाय काढलेलं आयुष्य, दुसऱ्याच्या पोराला लावलेला जीव. इंग्रजी अक्षरं वाचून मी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. थोड्या वेळानं तिनं मला गप्प केलं, म्हणाली कळतंय.

त्या पुरात तबकड्यांची पत्र्याची पेटी आम्ही आधीच माडीवर नेली होती. खालच्या कपाटात राहिलेल्या काही मात्र भिजल्या. वेष्टनातले कागद, पुस्तिका गेल्या, पण तबकड्या वाचल्या. स्वच्छ पाण्यानं धुवायच्या, मऊ कापडानं मध्यापासून कडेकडे सरळ पुसायच्या. गोल फिरवून पुसायचं नाही. माहिती तबकडीवर गोलाकार वळत गेलेली असते, त्यामुळे त्याच दिशेनं ओरखडा उठला तर सलग माहिती जाते आणि प्लेअरला ती सावरता येत नाही. गल्लीतल्या दोन पोरांना हे शिकवून मी हाताशी घेतलं होतं. त्यातल्या एकानं पुसता पुसता 'रेदेस' मागितला आणि घेऊन गेला.

मी तबकड्या मागेल त्याला देते. वहीत नाव आणि तारीख लिहिते, पण देते. काही परत येत नाहीत. संग्रह करणाऱ्या कित्येकांना हे पटत नाही. दुर्मीळ वस्तू हाताबाहेर जाऊ द्यायची नाही, असं ते म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. पण एर्कसानच्या सिनेमातला पाणी अडवणारा तो शेतकरी, उस्मान, इतक्या वेळा बघितल्यावर कपाटाला कुलूप घालायला माझा हात होत नाही.

जपणं आणि अडवून ठेवणं यांत फरक आहे, हे मला सिनेमाच्या इतिहासानंच शिकवलं. कार्ल ड्रायरच्या 'पॅशन ऑफ जोन ऑफ आर्क'ची मूळ निगेटिव्ह जळून गेली होती. १९८१ साली त्याची प्रत सापडली ती ऑस्लोजवळच्या मनोरुग्णालयातल्या एका कपाटात. 'पथेर पांचाली'च्या निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेतल्या आगीत भाजल्या आणि तरीही २०१५मध्ये चित्रपट पुन्हा उभा राहिला. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून तिथं रिळं जमवली. त्यांच्याआधीच कितीतरी रिळं चांदी काढण्यासाठी वितळवली गेली होती. आणि आमची सांगली? मास्टर दीनानाथांच्या बलवंत पिक्चर्सनं १९३४ साली 'कृष्णार्जुन युद्ध' हा बोलपट काढला, तो इथंच, सांगलीत. शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी मूकपट केले, त्यांतले बहुतेक गेले, एखाद-दुसऱ्याचे तुकडे उरले. इझमीरकडच्या एका खेड्यातला १९६३चा उन्हाळा मी केव्हाही कपाटातून काढून बघू शकते. माझ्या गावात बनलेला 'कृष्णार्जुन युद्ध' मला कुठल्याही तबकडीवर आजवर मिळालेला नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि तुर्की सिनेमाचा खोका हातात घेतला की ते जास्तच वाटतं.

'सुसुझ याझ' मी सगळ्यांत आधी ज्यांना दाखवायचा ठरवला होता ते माझे मामा. जत तालुक्याच्या पूर्व टोकाला त्यांचं गाव. बाजारात कन्नड, घरात मराठी. ज्वारी आणि डाळिंबाची थोडी बाग. मामांचा सिनेमा म्हणजे यल्लम्माच्या जत्रेतल्या तंबूतला. जमिनीवर बसून, शिट्ट्या मारत, रीळ तुटलं की ओरडत बघितलेला. उन्हाळ्यात मी प्लेअर आणि छोटा प्रोजेक्टर घेऊन गेले. रात्री सोप्याच्या भिंतीवर धोतर ताणून बांधलं. घरची माणसं, शेजारची दोन-तीन घरं, पोरं. वीज मधेच जाईल म्हणून मामांनी इन्व्हर्टरला जोडून दिलं.

मामा पहिला अर्धा सिनेमा उस्मानच्या बाजूनं भांडले. "आगं, हीर त्येच्या रानात हाय. बांध घालू न्हाई तर काय करू त्यानं?" शेजारचे एक काका म्हणाले, पाणी जमिनीखालनं येतं, ते काय ह्यानं इकत घेतलंय? तिथून जे सुरू झालं ते सिनेमापेक्षा मोठं होतं. भाऊबंदकीतली सामाईक विहीर, कुणाची पाळी किती तासांची, लाईट रात्री दोनला येते तेव्हा दारं धरायला कोण गेलं आणि कोण झोपून राहिलं, कुणी कुणाची पाळी खाल्ली. मी सिनेमा थांबवला. तबकडीचं हे बरं असतं. तो थांबतो, माणसं बोलून घेतात, मग पुढे.

पडद्यावर गावकरी चिडून उस्मानचा कुत्रा मारतात, तिथं मामांना राग आला, मुक्या जनावरानं काय केलं होतं. मग एक गावकरी गोळीनं मरतो. मारलेलं असतं उस्माननं, पण तो धाकट्या भावाला, हसनला, समजावतो की तू लहान आहेस, तुला शिक्षा कमी होईल, आळ तू घे. हसन तुरुंगात जातो. मामा तिथून उस्मानबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

एरोल ताश या नटानं उस्मान असा उभा केला आहे की त्याचा राग येतो आणि त्याला सोडूनही देता येत नाही. जमिनीत हात घालून काम करणारा माणूस आहे तो, आळशी नाही, भित्रा नाही. एर्कसान त्याला खलनायकाच्या कोपऱ्यात ढकलत नाही, आणि म्हणूनच बघणाऱ्याची पंचाईत होते. पाण्याच्या भांडणावर मी पाहिलेल्या सगळ्या सिनेमांत मी याला वर ठेवते. शेवट थोडा उरकल्यासारखा वाटतो, पण उस्मानचं प्रेत त्यानंच अडवलेल्या आणि आता सुटलेल्या पाण्यातून वाहत जातं, ते दृश्य मोबाइलच्या पडद्यावर बघायचं नाही. ते भिंतीएवढंच हवं.

सिनेमा संपल्यावर पुरुष पाण्याचंच बोलत होते. मामी मागे दारात बसून शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "मघाधरनं पानी पानी करतायसा. त्या पोरीला कुनी इचारलं का?" पोरगी म्हणजे बहार, हसनची बायको. ह्युल्या कोच्यीत या नटीचा हा पहिला सिनेमा. नवऱ्याशी लग्न झाल्या रात्रीपासून थोरला दीर फटीतून डोकावतो. नवरा तुरुंगात गेल्यावर हा उस्मान तिला सांगतो की तो मेला. समीक्षकांनी पाणी आणि बाई यांच्यावरच्या मालकीबद्दल लिहिलेलं मी वाचलं होतं. मामीनं ते काही वाचलेलं नव्हतं, आणि तिचं म्हणणं जास्त टोकदार होतं. ती म्हणाली, गावानं पाण्यासाठी कोर्ट केलं, बंदूक काढली, तिच्यासाठी एक माणूस त्या घराच्या उंबऱ्यावर गेला न्हाई. पुरुषांपैकी कुणालाच त्यावर उत्तर सुचलं नाही, आणि बायका एकदम बोलायला लागल्या.

म्हणून पुढच्या वेळी मी कानेतो शिंदो यांचा 'हादाका नो शिमा' नेला. १९६०चा जपानी चित्रपट, १९६१मध्ये मॉस्कोत त्याला मोठं पारितोषिक मिळालं. समुद्रातल्या एका कोरड्या बेटावर नवरा-बायको आणि दोन मुलं. प्यायला आणि पिकाला लागणारं सगळं पाणी दुसऱ्या बेटावरून होडीनं आणायचं आणि खांद्यावर कावड घेऊन चढणीनं वर न्यायचं. सिनेमात संवाद जवळजवळ नाहीतच. मला काही सांगावं लागलं नाही. चित्र आडवं लांबच लांब आहे, जुन्या चौकोनी टीव्हीवर त्याच्या दोन्ही कडा कापल्या गेल्या असत्या आणि चढण, समुद्र, ती बाई यांतलं काहीतरी गेलंच असतं. आम्ही त्यासाठी धोतराच्या जागी दोन चादरी जोडून लावल्या.

यावेळी बायका पुढे बसल्या. पहिल्या चढणीलाच मामीनं पारख केली. "हिला सवय हाय. बघ, पाऊल आडवं टाकतीया, हिंदकळू देत न्हाई." शेजारणीनं दुरुस्ती केली की डोक्यावरची घागर सोपी, खांद्यावरच्या कावडीला दोन्हीकडचं बघावं लागतं. बाई वगराळ्यानं एकेका रोपाला पाणी घालते आणि कोरडी माती ते क्षणात पिऊन टाकते, तिथं एक म्हातारी म्हणाली, एवढ्यानं काय होतंय, मुळापतूर जात न्हाई. एकदा बाईचा पाय घसरतो, बादली सांडते आणि नवरा तिच्या कानफटात देतो. सोप्यात गलका झाला. कुणी म्हणालं त्याचा पण जीव पाण्यात अडकलाय, कुणी म्हणालं त्याच्याच अंगावर वतायची दुसरी बादली.

मग थोरला मुलगा आजारपणात जातो. त्याला पुरून आल्यावर पुन्हा पाणी आणायचं असतंच. वर शेतात ती बाई एकाएकी बादली उलटी करते, रोपं उपटून फेकते, जमिनीवर पडून रडते. नवरा नुसता बघत उभा राहतो. या वेळी तो हात उगारत नाही. तेव्हा मामी मोठ्यानं, त्या भिंतीवरच्या बाईला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बरं केलंस बाई!" आणि चार-पाच जणींनी तिला दुजोरा दिला.

ही बाई कोण, असं नंतर मामीनं विचारलं. मी नाव सांगितलं, नोबुको ओतोवा. शिंदोंच्या कितीतरी चित्रपटांत ती होती, पुढे त्यांचं लग्नही झालं. तिचा आणखी एक आहे का तुझ्याकडं, मामीचा पुढचा प्रश्न. आहे, म्हटलं, 'ओनीबाबा', १९६४चा. लढाईच्या काळात पुरुषभर उंच गवतात राहणाऱ्या सासू-सुना, वाट चुकलेल्या शिपायांना मारतात आणि त्यांची शस्त्रं विकून धान्य आणतात. भयंकर आहे, आणि पोरांसमोर लावण्यासारखा नाही.

"मग पोरं निजल्यावर लाव," मामी म्हणाली. दिवाळीला मी तो घेऊन जाणार आहे.